ताकदीची कॅप्सूल

"पुन्हा जवान झालोय मी!" म्हणत म्हाताऱ्याने बायकोच्या कानाखाली जाळ काढला, तेव्हा तिची कवळी उडून कपाटाखाली गेली. मधली काही वर्षं त्याचा हात थकला होता, तेवढीच तिच्या गालांना सुट्टी मिळाली होती. मग मुलाने लांबून जडीबुटीच्या कॅप्सूल पाठवल्या आणि म्हाताऱ्याच्या अंगात रेड्याचं बळ आलं.

सुजलेला गाल पदराने झाकून ती औषधांच्या दुकानात गेली. "त्या जडीबुटीच्या कॅप्सूलनी खरंच एवढी ताकद येते का रे?"

दुकानदार हसला. "मावशी, त्यांची चाचणी झालीय. निम्म्या म्हाताऱ्यांना खरी कॅप्सूल दिली, निम्म्यांना न सांगता नुसतं पीठ भरलेली. ताकद दोघांनाही सारखीच आली! सगळा खेळ मनाचा."

संध्याकाळी आमटी अळणी झाली. म्हाताऱ्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं आणि पुन्हा हात उगारला.

"मारा," ती रक्त थुंकून म्हणाली. "पण तुमच्या कॅप्सूलमधलं औषध मी पहिल्याच दिवशी मोरीत ओतलंय. रोज गिळताय ते गव्हाचं पीठ आहे."

"पीठ?"

उगारलेला हात हवेतच लटपटला. म्हातारा खुर्चीचा आधार शोधत मटकन खाली बसला, आणि एका घटकेत ऐंशी वर्षांचा झाला.

त्याच्या वस्तूला हात लावायचं धाडस तिला जन्मात झालं नव्हतं. एकही कॅप्सूल तिने कधी उघडली नव्हती.