शेवाळाचे लाड

"काळं फडकं कुणावर घालतेयस गं?" गोदाक्कांनी व्हिडिओ कॉलवरचा फोन डोळ्यांशी नेला.

दक्षिण ध्रुवाकडच्या तंबूत त्यांची वैजू समुद्रावरच्या गोठलेल्या थरातून कापून काढलेला बर्फाचा दांडा झाकत होती. दांड्याच्या बुडाला तपकिरी शेवाळ होतं. "एकदम उजेड लागला तर मरेल ते. खाऱ्या पाण्यात हळूहळू वितळवून मोजायचं. आत्ताच बहरतंय, आई. दिवाळीला नाही जमणार."

गोदाक्कांच्या अंगाची लाही लाही झाली. जन्मभर मोरीतलं शेवाळ त्यांनी काथ्यानं खरवडलं, आणि त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न आलेली लेक त्याचेच लाड करतेय!

"खाते काय तुझी ही महाराणी?"

"बर्फातून झिरपतो तेवढा उजेड. इवलासा पुरतो."

"मीही आठवड्याच्या एका फोनवर जगतेय. झाकून झालं ना तिला? आता इकडे बघ."