निवांत जागा

तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांचा मुळांसकट भुगा करणारं, रणगाड्यासारखं पट्ट्यांवर सरकणारं मशीन बरखेड्यात आलं आणि त्या आवाजाला वैतागून साऱ्या कॉलनीनं दारं-खिडक्या लावून घेतल्या. रिटायर्ड फिटर गोतमारेकाका मात्र रोज सकाळी स्टूल घेऊन मशीनपाशी जाऊन बसत. मशीन धडधडू लागलं की त्यांचे ओठ हलत. थांबलं की मिटत.

चौथ्या दिवशी ऑपरेटरनं मशीन बंद करून विचारलं, "अंकलजी, आप कुछ कह रहे थे?"

"कुछ नहीं बेटा. तू चला."

मशीन पुन्हा गर्जू लागलं. काकांनी घसा खाकरला.

"हं, तर कुसुम... घरी तुझ्या फोटोशी बोललो की सूनबाई डॉक्टरांचं नाव काढते. इथं कसं, निवांत बोलता येतं."