फोटोची कड

आम्ही दोघी जावांनी मिळून काढलेल्या शिवणवर्गाचं पहिलंवहिलं वार्तापत्र मी वर्डमध्ये जुळवत होते. उद्घाटनाचा फोटो धाकटीने आधीच त्यात टाकून ठेवला होता.

"ताई, तुम्ही फोटोत आलाच नाहीत हो! मेला तो फोटोवाला, डोळे काय खिशात ठेवून आला होता?" ती अगदी हळहळली.

"असू दे गं. तू आहेस ना, त्यात मी आले."

रकान्यात फोटो अरुंद दिसत होता, म्हणून मी क्रॉपवर जाऊन त्याची कड ओढली. कापलेला भाग उलगडला आणि फितीचं दुसरं टोक धरून तिच्याकडे कौतुकाने बघणारी मी दिसले.



फोटोतली नको असलेली कड कशी कापायची, ते परवा मीच तिला शिकवलं होतं.