विक्रमची पत्रिका

“डब्बा झालाय तुमचा सर्व्हर, माझ्या नावानं काय बोंबलता?” मी लक्ष्मणरावकाकांवर उखडलोच. चिक्कडपल्लीत त्यांचं वधूवर मंडळ आहे, मी तिथं मशीन सांभाळायला कामाला. कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवतात. एक्क्याण्णवला देशाचा बाजार खुला झाला त्या साली घेतलेलं मशीन, सारखं अडकतं.

“शाळा सोडलेला तू, मला शिकवतो? आज नीट चाललं नाही तर उद्यापासून येऊ नको.”

आत बघितलं तर काय, अर्धा भार एकट्या विक्रमचा! काकांचा मुलगा, वय अडतीस, दीडशे पोरींना नाक मुरडलेला. रोज त्याची पत्रिका सगळ्या मुलींशी ताडायची, आणि अर्ध्यातच मशीन बंद.

मी बाकीच्यांचं सगळं छापायचं काम कोपऱ्यातल्या छोट्या कॉम्प्युटरवर टाकलं. सर्व्हर असा पळाला, पहिल्यांदाच विक्रमची यादी शेवटपर्यंत गेली.

“छत्तीसपैकी चौतीस गुण!” मी ओरडलो.

“हौ? जमलं रे बाबा!” काका चष्मा शोधायला लागले. “पोरीचं नाव वाच, पत्ता वाच. आत्ताच जातो.”

मी मनातच वाचलं. नाव राणी. पत्ता आमच्याच घराचा. माझी ताई.

मी पायानं प्लग ओढला.

“काका, परत बंद पडलं बघा. मला आता निघायला पाहिजे.”