बेंकी लागली तेव्हा

चैत्रालीने शेवटचं वाक्य वाचलं आणि कागद खाली ठेवला. विठ्ठल मंदिराच्या सभागृहात टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या वसंताज्जींनीही टाळ्या वाजवल्या. मग शेजारी बसलेल्या नातीला त्या म्हणाल्या, "भारी चांगली गोष्ट होती गं. कोणाची ही? आमच्या गल्लीतबी असलंच झालतं."

गोष्ट त्यांचीच होती.

लोक हसले. आजींना हल्ली ऐकू कमी येतं, असं कुणीतरी म्हणालं. पण आजींचे कान चांगले होते, हे चैत्रालीला ठाऊक होतं. तिचा चेहरा उतरला.

म्हैसूरच्या या गल्लीत शिंप्यांची मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली होती. आता रस्ता रुंद व्हायचा होता आणि दुकानांची जुनी ओळ पाडली जाणार होती. ती पडण्याआधी गल्लीची हकिगत पुस्तकात यावी, असं सगळ्यांनी ठरवलं. दर रविवारी लोक सभागृहात जमत. कुणी फोटो आणी, कुणी आजोबांची कातर, कुणी नुसत्याच आठवणी. लिहायचं काम चैत्रालीकडे आलं. ती नोकरीसाठी नाशिकहून आलेली, शहरातल्याच गोकुलम भागात राहणारी. एकदा एकादशीला देवळात आली आणि या माणसांत रमली.

"बोलतात तसं लिहू नका, मॅडम," मंदिराचे अध्यक्ष नागोजीराव पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "पुण्याला लग्नाला गेलतो आम्ही. पंगतीत आमचं बोलणं ऐकून लोकं हसली. विचारलं, ही कुठली भाषा? पुस्तकात तरी शुद्ध असू द्या."

त्यांच्या आवाजातला तो जुना सल चैत्रालीला कळला. तिने मनापासून काम केलं. आजी आगीला कानडीतलं 'बेंकी' म्हणाल्या, तिने 'आग' लिहिलं. 'आमेले'चं 'त्यानंतर' झालं, 'सुम्ने'चं 'नुसताच', 'अल्वा'चं 'नाही का', 'बेगबेग'चं 'भराभर'. 'गुंडी' हा शब्द तर तिच्या माहेरीही होता, तरी 'बटण' बरं वाटलं. एक वाक्य विषयाला सोडून आहे म्हणून तिने गाळूनही टाकलं.

आजींचं बोलणं फोनवर टिपलं होतं ते त्यांच्या नातीने, दीपश्रीने. ती बँकेत होती. खुर्च्या लावण्यापासून फोटो स्कॅन करण्यापर्यंत सगळं तीच बघे, पण चैत्रालीशी इंग्रजीत बोले. आपल्याला मराठी येत नाही, असं तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. गल्लीतली बाकीची तरुण मंडळीही तेच सांगत. वाचन चालू झालं की ही मुलं मागच्या रांगेत मोबाइलमध्ये डोकं घालून बसत.

चैत्राली पुन्हा उभी राहिली. "दीपश्री, आजींचं मूळ बोलणं लाव ना."

"ते नको, मॅडम," नागोजीराव पुढे झाले.

"काका, एकदाच ऐकू या. नाही पटलं तर मी वाचलं तेच छापू."

नागोजीराव परत खुर्चीत बसले. दीपश्रीने फोन माइकजवळ धरला.

"दसरा जवळ आलता," आजींचा आवाज आला. "भुजंगरावांच्या दुकानाला बेंकी लागली अल्वा, मिरवणुकीच्या बँडच्या पोरांचे सगळे कोट जळून गेले. तो सुम्ने पायरीवर बसला. बोलत नाही, रडत नाही. आमेले माझी सासू गेली, म्हणाली, ऊठ. पोरांना घरोघरी धाड. आम्ही एकेक कोट शिवतो. मापं कुठली? मापंबी जळली. पोरांनाच उंबऱ्यावर उभं केलं. मी नवी नवरी, माझ्याकडंबी एक पोरगं आलं. बेगबेग शिवलं सगळ्यांनी. एकाची कॉलर एकासारखी नाही. दसऱ्यादिवशी मी रस्त्याला उभी होते. अंबारी गेली, हत्ती गेला, मी काय बघितलं नाही. मी माझा कोट बघत होते."

गाळलेलं वाक्य हेच होतं.

आजी स्वतःचा आवाज ऐकत ताठ बसल्या होत्या. "हां," त्या म्हणाल्या. "हे खरं."

मागच्या रांगेतले मोबाइल खाली गेले होते. मापं जळली तिथे ती मुलं हसली होती, कोटाच्या वाक्याला गप्प झाली होती. त्यांना कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं.

नागोजीरावांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "आमच्या आईनं शिवला त्याच्या गुंड्या उलट्या बाजूला लागल्या होत्या. घाईत. मत्ते काय करणार, तसाच घालून गेलं ते पोरगं. आई मरेपर्यंत सांगत होती."

इतक्या रविवारांत त्यांनी ही गोष्ट कधी काढली नव्हती. चैत्रालीने हातातले वाचलेले कागद उलटे केले आणि कोऱ्या बाजूला त्यांचे शब्द लिहून घ्यायला सुरुवात केली. जसेच्या तसे. नागोजीरावांनी तिला थांबवलं नाही.

दीपश्री फोन हातात धरून तशीच उभी होती. तिने आजीकडे पाहिलं, मग चैत्रालीकडे. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि या वेळी तिने इंग्रजी शब्द शोधले नाहीत.

"अक्का, आम्ही घरी बोलतो ते हेच. ह्याला मराठी म्हणतात?"

"हो."

"मग मला मराठी येतंय की."