राखेची पुरचुंडी

रबरी चेंडू गोदाक्कांनी पुन्हा पलंगाखाली ढकलला. पक्षाघातानंतर उजव्या हातात बळ यावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी तो दाबायला दिला होता. "मी काय कुकुलं बाळ आहे?" असं म्हणत त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि बघतात तर परसातल्या दोडक्याच्या पानांची पार चाळण झालेली.

"अगं, भुंगेरे लागलेत! चुलीतली राख नाही का मारलीस?"

"काल भर दुपारी मारली की, अक्का. सगळी वाऱ्याने उडाली," सून म्हणाली.

"दुपारी मारतात होय? पानांवर दव असताना मारायची, तेव्हा कुठे ती चिकटते. तू राहू दे, मीच बघते."

दुसऱ्या दिवशी उजाडताच अक्का वेलापाशी उभ्या होत्या. डाव्या हातात काठी होती, त्यामुळे राखेची पुरचुंडी उजव्याच हातात धरणं आलं. ती तीनदा गळून पडली. तिन्ही वेळा अक्कांनी भुंगेऱ्यांना शिव्या हासडल्या आणि सुनेला ती उचलून द्यायला लावली. त्या सकाळी जेमतेम खालच्या चार पानांवर राख पडली. भुंगेरे वरच्या कोवळ्या पानांवर गेले, तशा अक्काही हट्टाला पेटल्या. एकही सकाळ त्यांनी चुकवली नाही.

दीड महिन्याने डॉक्टरीणबाई घरी आल्या. धूळ खात पडलेला चेंडू बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हात कुठपर्यंत जातो, आजी?"

अक्कांनी राखेने माखलेला उजवा हात उचलून खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"त्या दोडक्याच्या शेंड्यापर्यंत."