दोन मिनिटं स्वस्थ

रुग्णवाहिकेच्या मदतकेंद्रात फोन घेणाऱ्या ताईंच्या डोक्यावर तंत्रज्ञाने सेन्सरची टोपी नीट बसवली. "ताई, आधी दोन मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसा. मनात काही आणू नका. या दोन मिनिटांचा आकडा नंतरच्या आकड्यातून वजा केला, की कामाचा खरा ताण तेवढा उरतो."

ताई बसल्या. मग डोळे उघडून सलग चार तास फोन घेत राहिल्या. अपघात, भाजलेलं माणूस, अडलेली बाळंतीण. आवाज तसूभरही हलला नाही.

संध्याकाळी आलेख पाहून साहेब खूश झाले. "अरे, ताण शून्याच्याही खाली! हे काम म्हणजे यांच्या हातचा मळ आहे. उद्यापासून दुसरी लाइनही यांनाच द्या."

तंत्रज्ञाने मात्र आलेखाची सुरुवात पुन्हा पाहिली. काम हलकं नव्हतंच. सुरुवातीच्या त्या दोन मिनिटांची रेघ आभाळाला टेकली होती. टोपी काढताना त्याने हळूच विचारलं, "ताई, डोळे मिटल्यावर काय चाललं होतं मनात?"

"फोन वाजतो रे. मागच्या वर्षीचा. पाणी प्यायला उठले होते, दोनच मिनिटं. वाजून वाजून बंद झाला. मी परत लावला, तेव्हा तिकडे उचलायला कुणी उरलं नव्हतं."

त्यांनी विस्कटलेले केस सारखे केले.

"साहेबांना काही बोलू नकोस. दुसरी लाइन मिळू दे मला. इथे वाजणारा फोन निदान उचलता येतो."